वगळलेल्या सहा ओळी

"वाच. मोठ्याने वाच."

प्रभाग समितीची सभा चालू होती. लांब टेबलाभोवती नगरसेवक, त्यांच्या मागे खात्यांचे इंजिनिअर, आणि टेबलाच्या टोकाला मी. उभा. मी सभेचा कारकून. सभेत कोण काय बोललं ते लिहून काढायचं, म्हणजे इतिवृत्त तयार करायचं, हे माझं काम. मागच्या सभेच्या इतिवृत्ताचा कच्चा कागद अध्यक्षांच्या हातात होता. त्यातल्या एका परिच्छेदाभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. कागद त्यांनी माझ्याकडे ढकलला. ढकलताना कप कलंडला. चहा कागदावरून टेबलावर पसरला.

मी वाचलं. सहा ओळी होत्या. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला.

"ऐकू येत नाही रे," कोणीतरी म्हणालं.

मी परत वाचलं. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझा बाप याच वॉर्डात झाडू मारायचा ना?"

"हो साहेब."

"मग बरोबर आहे. संडासाचा विषय निघाला की हात आपोआप चालतो."

हसले. सगळे नाही हसले. जे हसले नाहीत ते फायलीत बघत राहिले.

"आता ते पूस. घरचंच काम आहे."

शिपाई फडकं घेऊन पुढे आला. अध्यक्षांनी त्याला हातानेच थांबवलं. "तू नको. हा पुसतोय ना."

मी खिशातून रुमाल काढला आणि टेबल पुसलं.

इथवरची गोष्ट मी एवढी वर्षं मनात घोळवली. बायकोला मात्र वेगळी सांगितली. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिला म्हणालो, "आज अध्यक्षांना तोंडावर सांगितलं, लिहिलेलं मी खोडणार नाही." तिने त्या दिवशी गोड केलं होतं. मी खाल्लं.

आता खरं लिहितो. वय सत्तरीला टेकलं आहे. अपमान माझा झाला, हे खरं. पण त्या अपमानाची भरपाई मी दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतली. तिचं नाव शालनबाई.

कांदिवली पूर्वेला डोंगराच्या उतारावर एक वस्ती आहे. तिथे सार्वजनिक संडास होता. खाली मलटाकी, तिच्यावर लादी टाकून केलेल्या खोल्या. देखभाल ठेकेदाराकडे, आणि रोजची व्यवस्था वस्तीतल्याच बायकांच्या एका संस्थेकडे. शालनबाई त्या संस्थेची चिटणीस होती. चौथी शिकलेली, पण अर्ज स्वतः लिहायची.

त्या आधीच्या सभेत ती आली होती. विषयपत्रिकेवर इंजिनिअरचा अहवाल होता: वॉर्डातल्या सर्व सार्वजनिक शौचालयांच्या देखभालीचं काम समाधानकारक. असे अहवाल समितीपुढे येतात, "माहितीसाठी सादर" म्हणतात, आणि पुढचा विषय निघतो. कोणी वाचत नाही. शालनबाई मागच्या खुर्च्यांवर बसली होती. अहवालाचा नंबर पुकारला तशी ती उठून उभी राहिली.

"बाई, बसा. इथे सभासदच बोलतात."

"मग सभासदांना सांगा ना येऊन बघायला. तीन अर्ज दिले. खिडकीवर पोच देत नाहीत. सही नाही, शिक्का नाही. कागद घेतात आणि 'जा' म्हणतात."

"काय ते लवकर बोला."

ती बोलली. घाबरली नव्हती. लादी हलते, म्हणाली. पाय टाकला की खाली पोकळ वाजतं. टाकीच्या आतला गिलावा पडतो, त्याचा आवाज रांगेत उभ्या असलेल्यांना येतो. "बायका आत जाताना बाहेरच्या बाईचा हात धरून ठेवतात हो. दार उघडं ठेवून. लाज सोडून. तुमच्या घरातली बसेल का अशी?"

अध्यक्ष मला म्हणाले, "घ्या हो नोंद." तिला गप्प करायला म्हणाले, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मी घेतली. चांगली घेतली. तिचे शब्द सरकारी भाषेत बसवले, पण एकही गोष्ट सोडली नाही. सभा संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, लिहिलंत ना?"

"लिहिलं, बाई."

"कुठे? दाखवा."

मी दाखवलं. तिने बोट ठेवून आपलं नाव वाचलं. मग म्हणाली, "आता पोच नाही दिली तरी चालेल."

पुढच्या सभेत तो चहा सांडला.

टेबल पुसून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "सभासद नसलेल्या माणसाचं बोलणं इतिवृत्तात येत नाही. नियम माहीत नाही तुला? पक्क्या वहीत हे दिसता कामा नये. नाहीतर गोवंडीला पाठवतो, डंपिंगवर. तिथे टेबल टाकून बस आणि लिही काय लिहायचं ते."

वडील गेल्यावर त्यांच्या जागी मला लावून घेतलं होतं. चार वर्षं मीही झाडू मारला होता. गटारात उतरलो होतो. मग खात्याची परीक्षा दिली, कारकून झालो, पांढरा शर्ट घालायला लागलो. वडील मस्टरवर अंगठा उठवायचे. माझं अक्षर बघायला आई शेजारच्या बायकांना बोलवायची. त्या अक्षरावर मी तिथपर्यंत पोहोचलो होतो आणि परत खाली जायची मला भयंकर भीती होती. कचऱ्याची नव्हती भीती. "बघा, शेवटी जातीवर गेला," हे ऐकायची होती.

दुसऱ्या दिवशी पक्की वही उघडली. संगणक आला होता, पण सभेची वही हातानेच लिहायची पद्धत होती. मी लिहिलं: "शौचालय देखभालीचा अहवाल सादर. कोणताही आक्षेप नाही. समितीने नोंद घेतली."

कोणताही आक्षेप नाही. हे शब्द अध्यक्षांनी सांगितले नव्हते. त्यांनी फक्त वगळायला सांगितलं होतं. हे माझे. काम नीट दिसावं म्हणून मी घातले. नियमाच्या आड मी इतकी वर्षं लपलो, पण हे शब्द कुठल्या नियमात बसत नाहीत.

पाच महिन्यांनी, सकाळी, लादी खाली गेली. आत नंदा नावाची बाई होती, शालनबाईची शेजारीण. पदरात दोन पोरं. बाहेर तिचा हात शालनबाईनेच धरला होता. हात सुटला.

पोलिसांनी कागद मागितले. ठेकेदाराने समाधानकारक कामाचा अहवाल दाखवला. खात्याने सांगितलं, संस्थेने कधी तक्रारच केली नाही, अर्ज नाही, पोच नाही. इतिवृत्ताची प्रत आमच्या टेबलावरून गेली. झेरॉक्स मी काढली. "सत्यप्रत" हा शिक्का मी मारला. खाली माझी सही. ठेकेदार त्या कागदांवर सुटला. आरोपी म्हणून राहिली संस्थेची चिटणीस. निष्काळजीपणा. जिने सांगितलं तिच्यावरच.

मला हे सगळं माहीत होतं. पेपरात चार ओळी आल्या होत्या, ऑफिसात चर्चा झाली होती. मी काय केलं? चालत राहिलो. मस्टरवर सही, डबा, घर. दोन वर्षांनी हेडक्लार्क झालो. निवृत्तीला हार घातला. अध्यक्षांनी भाषणात म्हटलं, "असा आज्ञाधारक माणूस मिळणार नाही." मी हात जोडले.

मागच्या वर्षी शालनबाई माझ्या दिंडोशीच्या घरी आली. दार हिने उघडलं. शालनबाई म्हातारी झाली होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. चौदा वर्षं ती बोरिवलीला कोर्टात तारखांना जात होती. हातात त्या सत्यप्रतीचा कागद होता. माझ्या अक्षरातला. आधीच्या वकिलाने तो कधी उघडूनही पाहिला नव्हता. नवी वकील आली, तरुण मुलगी, तिने वाचून दाखवला.

"मी त्या पोरीला म्हटलं, नीट बघ गं, माझं नाव असणार. मी बोट ठेवून वाचलंय. ती म्हणाली, आजी, नाही. मग म्हटलं, लिहिणाऱ्यालाच विचारते." कागद तिने टीपॉयवर ठेवला. "भाऊ, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"मग मी तिथे आले होते की नव्हते?"

मी कागदाकडेच बघत होतो. ही पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तीच बोलली, मला उद्देशून. "तुम्ही तर म्हणाला होतात, खोडलं नाही म्हणून."

शालनबाईने माझ्या बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. पाणी न पिता उठली. दारात म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही आमच्यातले. म्हणून त्या दिवशी पोच मागितली नाही."

तो घाव बसला. अध्यक्षांचा चहा त्यापुढे काहीच नव्हता.

मी आत गेलो. पेन्शनच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी काढली. तळाशी तो कच्चा कागद होता. चहाचा तपकिरी डाग, लाल पेनाचा गोल, सहा ओळी. फाडायला सांगितला होता, मी फाडला नव्हता. ते शौर्य समजू नका. उद्या कोणी विचारलं, हे कोणी वगळलं, तर दाखवायला लाल गोल असावा, एवढीच कारकुनी अक्कल. स्वतःला वाचवायला ठेवलेला कागद. चौदा वर्षं ती बाई पिंजऱ्यात उभी होती आणि तो माझ्या कपाटात होता.

चौथ्या दिवशी मी तिच्या वकिलाकडे गेलो. मुलीने कागद उजेडात धरला, उलटसुलट पाहिला. म्हणाली, "आजोबा, साक्ष दिलीत तर पहिला प्रश्न हाच येईल, की मग सत्यप्रत म्हणून खोटा कागद कोणी दिला. तुमच्यावरही केस होऊ शकते. पेन्शनला हात लागू शकतो."

"लागू दे."

"घरी विचारलंत?"

"घरी तीन दिवस कोणी माझ्याशी बोललेलं नाही."

कोर्टाचं समन्स निघालं आणि आठवड्यात अध्यक्षांचा निरोप आला. आता त्यांचा मुलगा नगरसेवक आहे. मधली काही वर्षं निवडणुकाच नव्हत्या, तेव्हाही ऑफिस त्यांचंच चालायचं. मी गेलो. का गेलो? बोलावलं की जायचं, ही सवय पायात होती. अध्यक्ष थकले आहेत, काठी आली आहे. मला खुर्ची दिली.

"अरे ये, ये. बरा आहेस ना? पुढच्या महिन्यात ज्येष्ठांचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, फोटो. तुझं नाव मी स्वतः घातलंय. एवढी वर्षं सेवा केलीस."

मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो.

"आणि ते कोर्टाचं काय आलंय म्हणे. तुझं वय झालं. आठवत नाही म्हण. डॉक्टरचा कागद लागला तर मी देतो."

"आठवतंय."

"काय आठवतंय?"

"टेबल पुसलं ते. चहा सांडला होता."

"कसला चहा?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. नाटक नव्हतं. मी ज्याच्यावर पंधरा वर्षं जळलो ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. त्यांच्यासाठी तो रोजचा एक चहा होता.

"सत्काराच्या यादीतून माझं नाव काढा," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा बदलला. आवाज तोच, टेबलाच्या पलीकडचा जुना. "तुमच्या लोकांचं हेच. कितीही द्या, वेळ आली की उलटणार."

"मी तुमच्याकडून काही घेतलं नव्हतं. परीक्षा दिली होती."

उठलो. निघताना "येतो साहेब" तोंडात आलं होतं. ते गिळलं.

तारीख परवाची आहे. काल शालनबाईला निरोप पाठवला, मी येतोय. तिचा उलट निरोप आला: "यावंच लागेल. पण माझ्याशी बोलायला येऊ नका." बरोबर आहे. नंदाची पोरं मोठी झाली, ती कोर्टात असतील. त्यांच्याकडे बघायचं मी टाळणार नाही. माफी मागणार नाही. मागितली की द्यायची जबाबदारी त्यांच्यावर येते.

जे लोक तेव्हा टेबलाभोवती होते त्यांची नावं मी प्रतिज्ञापत्रात दिली आहेत. हसले त्यांची वेगळी, फायलीत बघत राहिले त्यांची वेगळी. सर्वांत वर माझं, वडिलांच्या नावासकट.

कच्चा कागद खिशात घडी करून नेणार नाही, चुरगळेल. पुठ्ठ्यात घातला आहे. त्यातल्या सहा ओळी या:

"श्रीमती शालन, चिटणीस, यांनी सभेस निदर्शनास आणले की शौचालयाची लादी हलत असून खालून पोकळ आवाज येतो. टाकीच्या आतील गिलावा पडत आहे. तीन अर्ज देऊनही पोच मिळालेली नाही. महिला परस्परांचा हात धरून आत जातात. जीवितास धोका आहे. अध्यक्षांनी नोंद घेण्याचे निर्देश दिले."

हे मला तेव्हा वाचायला लावलं होतं, हसण्यासाठी. परवा पिंजऱ्यात उभा राहून परत वाचणार आहे. मग पक्क्या वहीतली ओळ वाचणार आहे, आणि सांगणार आहे, ही खोटी आहे, ही मी लिहिली. आवाज बारीक झाला तर थांबेन आणि पहिल्यापासून वाचेन. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.