ठाण्यात मोडलेली काडी

मी एकदा पोलीस ठाण्यात बसून एका जोडप्याचा घटस्फोट करून टाकला. तो अधिकार न्यायाधीशाचा असतो, उपनिरीक्षकाचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी माझ्या अंगात न्यायाधीश संचारला होता. नोकरीतल्या बाकी घटना आता पुसट झाल्यात, ही होत नाही.

चाकणच्या कंपन्यांचा पट्टा तेव्हा आमच्या हद्दीत होता. शिफ्ट सुटली की ठाण्यात चोर कमी आणि नवरा-बायकोच जास्त यायचे. हे दोघं परभणीकडचे, तिथल्याच निघोजे गावात खोली घेऊन राहणारे. तो पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार, ती वायरिंगच्या कंपनीत. तो पिऊन मारायचा. ती तक्रारीला यायची, आम्ही अदखलपात्र नोंद करून त्याला समज द्यायचो आणि तिला त्याच्याच मागे खोलीवर धाडायचो. मूलबाळ नव्हतं. शेवटी दोन्हीकडची माणसं जमली आणि म्हणाली, साहेब, यांना एकदाचं मोकळं करा.

आमच्या गावी आजोबांच्या काळात पंचांसमोर काडी मोडली की लग्न मोडायचं. त्या दोघांच्या समाजात अशी रीत आहे का, हे विचारायचंही मला सुचलं नाही. हवालदाराला खराट्याची काडी आणायला लावली. दोघांनी दोन टोकं धरली आणि ती मोडली. स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी झाली, नोटरीचा शिक्का आला, वर मी सगळ्यांना चहा पाजला. कोर्टात वर्षं जातात ते काम आपण चहा निवायच्या आत केलं, असं मी कँटीनमध्ये सांगत सुटलो. हवालदार म्हणाला, "साहेब, आता बारशीपण इथंच उरकू." मला ते कौतुकच वाटलं.

पुढे माझी बदली आळंदीच्या बाजूला झाली. लग्नसराईत एका सकाळी कंट्रोल रूमकडून कॉल आला. अमुक कार्यालयात एका बाईचं दुसरं लग्न लागतंय, तिचं पहिलं लग्न अजून मोडलेलं नाही, अशी खबर कोणीतरी बाईमाणसाने नाव न सांगता दिली होती. मी दोन अंमलदार घेऊन निघालो.

कार्यालयात पाहतो तर नवरी म्हणून तीच. नवरदेव भोसरीचा टर्नर, बायको वारलेली, पदरात लहान मुलगी. ती पोर नवरीच्या बांगड्या मोजत मांडीवर बसली होती. नवरीच्या भावाने मला पाहिलं आणि तो हात जोडून पुढे आला. "हेच ते साहेब! यांनीच आमच्या ताईला मोकळं केलं," असं त्याने वऱ्हाडाला सांगितलं आणि मी नको नको म्हणत असताना एकाने माझ्या डोक्याला फेटा गुंडाळायला घेतला. लग्न थांबवायला गेलेला पोलीस निम्म्या फेट्यात उभा होता.

माझ्या मते हे काम पहिल्या नवऱ्याचंच होतं. बाईकडून फोन करवून खोडा घातला असणार. मुहूर्त पुढे ढकलायला लावला, त्याला कंपनीच्या गेटवरून उचलून ठाण्यात आणलं आणि चौकशीला बसलो. फोन कोणाकडून केलास, तिला किती दिवस त्रास देणार, असं मी आडवं-उभं विचारत राहिलो. तो शपथा घेत होता. त्याने दुसरी बाई घरात आणली होती, पहिलीचं त्याला काही पडलेलं नव्हतं. "तुम्हीच तर सोडवलंत ना साहेब, मग मी कशाला फोन करू?" असं तो म्हणाला तेव्हा मी त्याला सोडून दिलं.

कॉल आला की आधी कॉल करणाऱ्याला उलट फोन लावायचा, हा पहिला धडा मी नव्या भरतीच्या पोरांना द्यायचो. स्वतः मात्र तो नंबर खिशात घालून फिरत होतो. कार्यालयात परत गेलो आणि जिन्याखाली उभं राहून नंबर लावला. रिंग नवरीच्या खोलीत वाजली.

मी बायकांना बाहेर काढलं आणि दार उघडं ठेवून तिला विचारलं. ती रडली नाही.

"मीच केला फोन," ती म्हणाली. "कंपनीतल्या मैत्रिणीसंगं मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईकडं गेले होते. त्या म्हणल्या, हा कागद कोर्टात चालत न्हाई. पहिलं लग्न तसंच हाय. हे लागलं तरी लागलेलं नसंल, वर गुन्हा."

"मग घरी सांगायचं ना."

"सांगितलं की. भाऊ म्हणला, ठाण्यात साहेबांनी स्वतः मोडून दिलंय, वकिलाला काय कळतं. माझं कोण ऐकतंय? पोलिसांचं ऐकतात." मग दाराबाहेर खेळणाऱ्या त्या पोरीकडे बघत तिने आवाज खाली घेतला. "हा माणूस चांगला हाय साहेब. पण उद्या याला काय झालं, तर मी कोण? या पोरीची मी कोण? मला एकदा तरी खरंखुरं बायको व्हायचंय."

लग्न थांबलं. वऱ्हाड जेवून गेलं. त्याआधी मंडपात सगळ्यांसमोर मी माझी चूक सांगितली. भावाचा विश्वास तेव्हाही बसला नाही.

मग वकीलबाईंकडून मीही शिकलो. हिंदू लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय मोडत नाही. समाजात तशी जुनी रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. दोघं राजी असतील आणि वर्षभर वेगळे राहिले असतील, तर एकत्र अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन राजी असल्याचं सांगायचं. ते थांबणं कधी कधी न्यायाधीश माफ करतात. हे जर मी काडी शोधायच्या ऐवजी त्या दिवशी सांगितलं असतं, तर त्या सकाळी मंगलाष्टकं पूर्ण झाली असती.

पहिला नवरा एकत्र अर्जासाठी कोर्टात एकदा आला, सही केली. दुसऱ्या वेळी आला नाही. आपण तर सुटलेलोच आहोत, मग खाडा करून कोर्टात कशाला जा, असं त्याचं म्हणणं. पुढे खोली सोडून तो कुठे गेला ते कळलं नाही. एकत्र अर्ज बारगळला आणि तिला छळाच्या कारणावरून एकटीने दावा लावावा लागला. तिथे पुरावा लागतो. तिच्या मारहाणीच्या तक्रारी आम्ही इतक्या मोघम लिहिल्या होत्या, की त्यातून कोणी कोणाला मारलं हेच धड निघत नव्हतं. भोसरीचा टर्नर बरेच दिवस थांबला. पोरीला सांभाळायला कोणी नव्हतं. घरच्यांनी त्याचं दुसरीकडे जमवलं. तिने मला ते सांगितलं ते कोर्टाच्या आवारात डबा उघडता उघडता, दुसऱ्या कोणाची तरी बातमी सांगावी तसं.

लोक कायद्यावर नाही, खाकीवर विश्वास ठेवतात. म्हणूनच 'हे माझं काम नाही, वकिलाकडे जा' एवढं वाक्य खाकीतल्या माणसाला वेळेवर म्हणता आलं पाहिजे. मला ते निवृत्त व्हायच्या तोंडावर जमलं.

निवृत्तीनंतर मी खेडच्या कोर्टात तिच्या तारखांना जायला लागलो. साध्या कपड्यात, पण केस अजून पोलिसी कापलेले, बाकावर तिच्या शेजारी बसायचो. तेवढंच माझ्याच्याने होत होतं. एकदा पुढची तारीख घेऊन ती बाहेर आली आणि चप्पल घालताना म्हणाली, "साहेब, आता नका येत जाऊ. तुमी शेजारी बसला की लोक मला आरोपी समजतात."