बदकाचे ओठ

स्टुडिओत तिला सगळे शाईताई म्हणत. मास्तरांनी पेन्सिलीनं काढलेली चित्रं पारदर्शक पानांवर शाईनं गिरवायची, हे तिचं काम. त्या पानांचे फोटो एकामागून एक पळवले की चित्र चालू लागे. बडबडगीतांचा छोटा सिनेमा होता. पहिलंच गाणं तळ्यातल्या बदकाचं, ते स्वतःच गातं:

‘बदकबाई, बदकबाई, पोहायची मला घाई!’

ताईची पानं मालकांनी उजेडाशी धरली आणि कपाळावर हात मारला.

“शाईताई, बदकाला ओठ?”

“लिपस्टिक तेवढी राहिली की हो!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

ताई शाईचं बोट पुसत राहिली. “माझ्या लेकीला ऐकू येत नाही. ओठ बघून कळतं तिला. चोचीत काय दिसणार? आजवर एक गाणं तिच्या वाट्याला आलेलं नाही.”

“एका पोरीपायी बदकाचं तोंड बदलू?”

म्हातारे मास्तर मान वर न करता म्हणाले, “गायला तुम्हीच लावलंत ना त्याला? मग तोंड द्यायला काय जड जातंय?”

मालकांना हसू आलं. ओठ राहिले.

पहिल्या खेळाला लेक पुढच्या रांगेत होती. बदक आलं, ओठ हलले, लोक खूश होऊन हसले. ताईचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ती लेकीचा चेहरा बघत होती. तो उजळला, आणि एकदम पांढराफटक पडला. पोर खुर्चीवर उभी राहून आपल्या घोगऱ्या आवाजात ओरडली, “माई, ती बुडतेय!”

ताईनं गाण्यातलं ‘बदकबाई’ आवाज न करता ओठांवर म्हणून पाहिलं. ब आणि म ओठांवर अगदी सारखे, क तर दिसतच नाही. पोरीनं वाचलं होतं, ‘मदत, माई!’ पानंच्या पानं गिरवली, तेव्हा हे कसं सुचलं नाही?

घरी अशी गफलत झाली की पोर आईच्या नाकावर बोट ठेवी. म म्हणताना नाक थरथरतं, ब म्हणताना नाही. पण बदकाच्या नाकावर बोट कोण ठेवणार?

तिनं लेकीला मांडीवर ओढलं, स्वतःचं तोंड पडद्याच्या उजेडात धरलं, पोरीचं बोट नाकावर ठेवलं आणि बदकाबरोबर गाऊ लागली. ‘बदकबाई’ म्हणताना नाक स्वस्थ होतं. पोरीनं पुन्हा चाचपून पाहिलं. मग पडद्याकडे वळली आणि सगळे हसून गप्प झाल्यावर एकटीच खळखळून हसली.