कुलपाआडचं दळण

वाशीमच्या भाजीबाजारामागच्या गल्लीत रत्नमाला पडघानची पिठाची चक्की आहे. आधी ती तिच्या वडिलांची होती. लग्न मोडून रत्नमाला माहेरी आली, तेव्हा वडिलांनी काही विचारलं नाही. चालत्या चक्कीवर पट्टा कसा सांभाळायचा ते शिकवलं. आता ती पंचेचाळिशीची आहे. भुवयांवर पीठ, डोक्याला रुमाल, आणि मोटारीवर मात करायला चढवलेला आवाज, जो मोटार बंद असतानाही उतरत नाही.

“काय व, माह्या गव्हावर कोनाची ज्वारी टाकून राह्यली?”

“तुह्याच सासूची हाय. टाकू का नको?” रत्नमाला ओरडते.

गाळा रंगरावांचा. शहराला लागून त्यांचा मळा आहे, मेथी-कोथिंबिरीचा. भाडं महिना संपला की हातात द्यायचं. पावती नाही, तारीख नाही. चक्कीचं यंत्र सिमेंटात रोवलेलं, वीजजोडणी थ्री फेजची, आणि कडेवर डबा घेऊन येणारी बाई दोन गल्ल्यांपलीकडे जात नाही. गाळा गेला तर चक्की गेली, हे रत्नमालाला कुणी सांगायची गरज नव्हती.

एका फेब्रुवारीत मोटार जळाली. वाइंडिंग करून आणली, तीही जळाली, मग नवी घ्यावी लागली. तीन महिन्यांचं भाडं थकलं. रंगराव दर वेळी “पाहू” म्हणायचे. त्यांचा मुलगा स्वप्निल मात्र त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान पाहत होता.

बुद्ध पौर्णिमेला चक्की बंद असते, हे गल्लीला माहीत आहे. रत्नमाला मेडशीला बहिणीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परतली तर तिच्या कुलपाशेजारी स्वप्निलचं कुलूप लटकत होतं.

एक गोष्ट स्वप्निलच्या लक्षात आली नव्हती. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी बायका दळणाचे डबे ठेवून गेल्या होत्या. काही दळलेले, काही तसेच. रत्नमालानं आरडाओरडा केला नाही. पायरीवर बसली आणि येईल तिला सांगत राहिली, “चक्की चालू हाय. कुलूप स्वप्निलचं हाय. डबा त्याले माग.”

थोड्याच वेळात रंगरावांचं अंगण बायकांनी भरलं.

“स्वप्निल, माह्या घरी पाहुणे येऊन बसले. त्याइले काय कुलूप वाढू?”

“काकू, तिनं तीन महिन्याचं भाडं नाई देलं.”

“मंग माह्यं पीठ काहून कोंडलं?”

रंगराव आतून म्हणाले, “हा कोर्टाचा मामला हाय, बाई.”

“कुलूप कोर्टानं घातलं का?”

रंगरावांची बायको कस्तुराबाई हात पुसत बाहेर आली. “काढ बे ते कुलूप. आपले बी गहू तिथंच हायेत. दुपारी काय चार्जर खाशीन?”

कुलूप निघालं.

त्याच संध्याकाळी रत्नमाला बचत गटातून पैसे उचलून तीन महिन्यांचं भाडं द्यायला गेली. अंगणात तमाशा झालेला, रंगराव फुगलेले. “आता पैसे नको. गाळा खाली कर.” पुढच्या महिन्यात वकिलाची नोटीस आली: थकलेलं भाडं नव्वद दिवसांत द्या, नाही तर दावा.

इथं रत्नमाला चुकली. आपण पैसे नेले, त्यानं घेतले नाहीत, म्हणजे आता दोष त्याचा, असं तिनं धरलं. पैसे रिकाम्या डब्यात ठेवले आणि पुढचं भाडंही त्यातच टाकत गेली. मुदत संपली, दावा लागला, समन्स आलं. तेव्हा ती सुचिता वकिलांकडे गेली.

“भाडं दिलं?”

“द्याले गेली होती. घेतलं नाई.”

“कोणासमोर?”

“त्याच्याचसमोर.”

सुचितांनी पेन खाली ठेवलं. “मनीऑर्डर केली होती?”

“हातात घेत नाई तो, मनीऑर्डर काहून घेईन?”

“घेणार नाहीच. पण परत आलेली मनीऑर्डर कोर्टाला दाखवता येते. डबा दाखवता येत नाही.”

एक वाट उरली होती. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, वर पंधरा टक्के व्याज, कोर्टात भरायचं. मग निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडंही तिथंच. दाव्याचा खर्चही देण्याची तयारी ठेवायची.

“एखादा महिना चुकला त?”

“मग माझ्याकडे येऊ नका. सामान बांधायला घ्या.”

रत्नमालानं थकबाकी भरली. मग दर महिन्याला एका सकाळी चक्की बंद ठेवून कोर्टात जाऊ लागली. बंद दार पाहून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली ती वळलीच. तरी महिना चुकला नाही. साक्षीच्या वेळी रंगरावांच्या वकिलांनी विचारलं, “भाडं वेळेवर दिलं नाही, हे खरं?”

“खरं.”

“मग बोलण्यासारखं काय उरलं?”

“मोटार जळाली होती, ते बी खरं हाय.”

फक्त पहिलं उत्तर लिहून घेतलं गेलं.

निकाल दोन वर्षांनी लागला. रक्कम व्याजासह मुदतीत भरली, पुढचं भाडंही नियमित आलं, म्हणून गाळ्याचा ताबा रंगरावांना देता येणार नाही. दाव्याचा खर्च भाडेकरूनं सोसायचा.

“जितलो का आपुन?” रत्नमालानं जिन्यात विचारलं.

“चक्की जागेवर राहिली,” सुचिता म्हणाल्या. “आता उशीर नको.”

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ती रंगरावांच्या अंगणात उभी होती. ते मेथीच्या जुड्या बांधत होते.

“ठेव तिथं.”

“ठेवत नाई, भाऊ. हातात घ्या अन् पावती द्या.”

“कोर्टानं तुले लयच हुशार केलं व.”

“तुमीच नाव घातलं त्या शाळेत.”

रंगरावांनी हात झटकले, नोटा मोजल्या आणि स्वप्निलला पावतीपुस्तक आणायला सांगितलं. घरात ते नव्हतंच. स्वप्निल दुकानातून नवं घेऊन येईपर्यंत रत्नमाला ओट्यावर बसून राहिली. कस्तुराबाईनं चहा विचारला, तिनं घेतला. रंगरावांनी पहिल्याच पानावर तिचं नाव लिहिलं, महिना लिहिला, सही केली. रत्नमालानं पावती दोनदा वाचली आणि चक्की उघडायला निघून गेली.