माणिक्कमनं एकदाच ‘नाही’ म्हटलं

माणिक्कम गेल्याची बातमी मला त्याच्याच एसटीडी बूथवरून आली. पलीकडे तोच असणार म्हणून मी तंजावरहून नेहमीसारखा ओरडलो, ‘काय रे नारदा, आज कुणाची चुगली?’ पलीकडून त्याची बायको वल्ली म्हणाली, ‘अण्णा... ते गेले.’

दोन महिने झाले. अजून फोन वाजला की माझ्या तोंडात आधी थट्टाच येते.

ओरत्तनाडूच्या बाजूला आमचं गाव. गावात आमच्या तंजावरी मराठी घराण्याची शेती, आणि गावाबाहेरच्या वस्तीत माणिक्कमचं घर. त्याच्या घराण्याकडे तप्पु वाजवायचं काम. तप्पु म्हणजे तुमच्या हलगीची तमिळ बहीण. गावात कुणी मेलं की वस्तीत निरोप जायचा, आणि माणिक्कमचा बाप गवताचा जाळ करून कातडं तापवायला बसायचा. पुढे माणिक्कम वाजवू लागला. आणि वाजवायचा कसा! त्याच्या ठेक्यावर पापनाशमच्या फलाटावरची गाडी शिटी न देता निघाली आणि तिरडीवरच्या एका म्हाताऱ्याचं बोट हललं, असं मी पाहुण्यांना छातीठोकपणे सांगत आलोय. गाडीचं थोडं वाढवलेलं आहे. बोटाचं खरं आहे.

कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. मग घरोघरी रंगीत टीव्ही आले, गावात फोनच्या तारा आल्या, आणि माणिक्कमनं गावच्या तिठ्यावर पिवळ्या पाटीचा बूथ टाकला. ‘डेय राव,’ मला म्हणाला, ‘आता कुणी मेलं तर मी वाजवणार नाही. परदेशातल्या मुलाला फोन लावून देईन. सेवा तीच, वाद्य बदललं!’ आम्ही इतके हसलो की तिठ्यावरची कुत्री उठून गेली.

मग माझे थोरले काका वारले. निरोप गेला, माणिक्कम आला नाही. तेव्हा काकांचा मुलगा तुळजाराव स्वतः बूथवर गेला. मी सोबत होतो.

‘येतोस ना?’

‘हार घेऊन येतो, ऐया. तप्पु नाही.’

आता आकाश कोसळणार म्हणून मी खांद्यात मान घातली. तुळजाराव हसला. ‘जुने दिवस गेले, माणिक्कम. जबरदस्ती कोण करतंय? तुझी मर्जी.’ माझ्या घराण्यात आरडाओरडा पुष्कळ ऐकलाय, पण त्या हसण्याची भीती वाटली तशी कशाचीच वाटली नाही.

काकांना पोचवायला पलीकडच्या गावातले वाजवणारे आले. त्यानंतर गावात प्रत्येकालाच मर्जी फुटली. न्हाव्याची दाढी करायची मर्जी नव्हती. चहावाल्याची चहा द्यायची नव्हती. वल्लीला भातलावणीला बोलावायची कुणाचीच नव्हती. शिवी नाही, हात उगारणं नाही. मी तुळजारावशी भांडलो, तर म्हणाला, ‘मी कुणाला सांगितलं? एक माणूस दाखव.’ एकही दाखवता येईना... माणिक्कम बसनं तंजावरला येऊन दाढी करू लागला. ‘जिल्ह्याच्या ठिकाणी दाढी करणारा मोठा माणूस झालो, राव!’ मी म्हटलं, मग इथंच राहा की. तेव्हा हसला नाही. ‘नाही म्हणायला गाव सोडावं लागत असेल, तर मी नाही कुठं म्हटलं?’

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी बूथमध्येच त्याच्या छातीत कळ आली. समोर चिंचेखाली गावातली एकुलती टॅक्सी उभी होती. वल्ली धावत गेली. ‘आज गाडी काढायची नाही,’ ड्रायव्हर म्हणाला आणि काच पुसत राहिला. माणिक्कमनं स्वतःच्याच हातानं ओरत्तनाडूला फोन लावला. तिथली गाडी आली. ती येईपर्यंत तो थांबला नव्हता.

‘पलीकडच्या गावातून वाजवणारे बोलावतो,’ असा तुळजारावचा निरोप आला. वल्लीनं नको म्हणून कळवलं. तप्पुशिवाय गेलेला त्या गावातला तो पहिला माणूस. स्मशानापर्यंत आपल्याच चपला ऐकत चाललो.

गेल्या आठवड्यात बूथवर गेलो. त्याच्या खुर्चीवर वल्ली बसलेली. तिचे दिवस भरत आलेत. गिऱ्हाइकाला देण्याआधी रिसीव्हर फडक्यानं पुसायची माणिक्कमची सवय होती. ती तिनं उचललीय, फडकंही तेच. फोन वाजला. तुळजारावचा आवाज मला खुर्चीपलीकडे ऐकू येत होता. काकूंचं काही खरं नाही, वल्लीच्या दिराला तयार राहायला सांग... मर्जी असेल तर.

वल्लीनं मागे पाहिलं. दीर दारात उभा होता. त्यानं नकारार्थी मान हलवली.

‘नाही, ऐया,’ वल्ली म्हणाली, आणि रिसीव्हर ठेवून पुन्हा पुसला.

मी म्हटलं, ‘बाळंतपणाला तंजावरला ये. आमच्याकडे.’

‘नको, अण्णा. तुमचा नंबर तेवढा भिंतीवर लिहून ठेवा. मोठा लिहा, मला पडल्या जागेवरून दिसला पाहिजे.’

बाहेर टॅक्सीची काच लखलखत होती. मी नंबर लिहिला. तंजावरहून तिथं पोचायला माझ्या स्कूटरला पाऊण तास लागतो.