परतूरची तीन दिवसांची पगारी रजा

कंपनीने तीन दिवसांची पगारी रजा दिली, तीही शिकण्यासाठी! परतूरला बियाणे तपासणीचं प्रशिक्षण होतं. आमच्या प्रयोगशाळेतून माझं नाव गेलं आणि सोबत सरूताईंचं नाव मीच टाकलं. जालना एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात त्या अकरा वर्षं बी निवडतात. त्यांना सांगितलं मात्र नाव दिल्यावर. "तू म्हणतीस तर येते," एवढंच म्हणाल्या.

आम्ही रोज रेल्वेने अप-डाउन केलं. जाणार असाल तर जालन्याहून सकाळची पॅसेंजर पकडा. साधारण तासाभरात परतूर, आणि तिकीट एसटीपेक्षा बरंच कमी. वाटेत रांजणी स्टेशनच्या आसपास दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. सरूताई त्यांच्याकडेच बघत होत्या. "समद्या कामाला लागल्या, अन् मी खिडकीत बसून राह्यले," म्हणून लाजल्यासारखं हसल्या.

प्रशिक्षण केंद्र स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, अलीकडे. पहिल्याच तासाला लेखी चाचणी. जेवायच्या सुट्टीत बघते तर सरूताई गायब! शोधत शोधत स्टेशनवर गेले. फलाटावरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"गाडी संध्याकाळी आहे, ताई."

"असू दे. बसते हितंच."

"झालं काय?"

"सगळे फटाफट लिहून राह्यले. मी सातवी शिकलेली. माझ्या कागदावर नुस्तं नाव. तू मला इचारलं बी न्हाई गं, नाव देऊन मोकळी झालीस."

खरंच होतं ते. मी तर त्यांचं भलं केल्याच्या आनंदात होते. "चुकलं माझं," म्हटलं. "तुम्हाला जायचं असेल तर मीही येते. साहेबांना सांगते, चूक माझी आहे."

त्यांनी डबा उघडला, ज्वारीची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "दुपारी काय हाय?"

"उगवलेलं बी बघायचंय."

"मंग तेवढं बघून जाऊ."

दुपारी शिकवणाऱ्या मॅडमनी ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडल्या. आत सोयाबीनचे कोंब. चांगले एकीकडे, खराब दुसरीकडे करायचे होते. सरूताईंनी एक टवटवीत कोंब खराबात टाकला.

"हा चांगला आहे की," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई मॅडम. मूळ बघा, टोकाला खुंटलंय. बी उंचावरून आदळलं की असं व्हतं."

मॅडमनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. "बरोबर आहे. सगळे इकडे या, ताई सांगतील." सरूताई आधी चाचरत बोलल्या, मग बिलकुल थांबेनात. वर्गातले सगळे त्यांचं बोलणं वहीत उतरवत होते. जाण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडीतच अभ्यास. मी प्रश्न विचारायचे, सरूताई गाडीच्या हिसक्यांत वाकडंतिकडं लिहायच्या. समोरच्या आजोबांनी विचारलं, "कोन्ती परीक्षा, बाई?"

"बियाची," सरूताई म्हणाल्या. आजोबांनी मूठभर शेंगा पुढे केल्या. "व्हशीन पास!"

तिसऱ्या दिवशी परीक्षा. स्टेशनबाहेर गरम मिरची भजी मिळतात, नक्की खा. आम्हाला मात्र त्या दिवशी घास उतरेना. संध्याकाळी निकाल लागला. मी पास, आणि सरूताई काठावर, पण पास! प्रमाणपत्रावर सरस्वती असं नाव होतं. त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून या नावानं कुनी हाक न्हाई मारली."

परतूर काही बघायला जायचं गाव नाही. मी एकही फोटो काढला नव्हता. घरी नवऱ्याने विचारलं, काय बघितलंस? मला आधी तो फलाटावरचा बाक आठवला. तिथून आम्ही वर्गाकडे परत फिरलो ते किती थोडक्यात, हे अजूनही मनात येतं.

गेल्या आठवड्यात कारखान्यात प्रशिक्षणाच्या पुढच्या तुकडीची सूचना लागली. बी निवडणाऱ्या प्रतवारी विभागातल्या बायका सरूताईंभोवती जमल्या. एकीने विचारलं, "घरी बसल्यावर खरंच पगार देतेत का?"

"घरी कुठं बसले व्हते?" सरूताई म्हणाल्या. "कामच व्हतं ते. रोजच्यापरीस अवघड."