सुनेत्राकाकू आयरिश शिकतात

सुनेत्राकाकू हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्या आणि महिन्याभरात त्यांनी घरातली कपाटं इतकी आवरली, की नरेंद्रकाकांना स्वतःचे मोजे सापडेनात. शेवटी काका हात जोडून म्हणाले, "सुनेत्रा, तू बाहेर काहीतरी बघ बाई. नाहीतर मी बघतो."

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्यांच्या घराजवळच वृद्धांचं एक केअर सेंटर होतं. काकू तिथे व्हॉलंटियर म्हणून जायला लागल्या. कुणाला पेपर वाचून दाखवायचा, कुणाशी पत्ते खेळायचे. मुळात काकू बोलघेवड्या. मुलगी चारुता व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला, फोनवर तीन वाक्यांत आटपणारी. त्यामुळे साठलेलं बोलणं इथे छान खर्ची पडायचं.

फक्त कोपऱ्यातल्या खोलीतल्या ब्रिजेटशी बोलता येत नसे. नव्वदीला टेकलेली बाई. तरुणपणी आयर्लंडहून आलेली आणि शिकागोच्या हॉटेलांतल्या खोल्या आवरण्यात उमर गेलेली. विसरभोळेपणाचा आजार वाढत गेला, तशी तिची इंग्रजी पुसली गेली. उरली ती लहानपणीची आयरिश. ती सेंटरमध्ये कुणालाच येत नव्हती. "काहीतरी बडबडते," असं नर्स म्हणायच्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं. दर रविवारी तिचा मुलगा टॉम यायचा आणि आईचा हात हातात घेऊन गप्प बसायचा. त्यालाही एक शब्द कळत नसे.

सकाळी ओटमीलचा बाऊल पुढे आला की ब्रिजेट तो ढकलायची आणि म्हणायची, "सालन." रोज तेच. काकूंनी कान टवकारले. घरी येऊन त्यांनी काकांना विचारलं, "अहो, हिंदीत सालन म्हणजे रस्सा ना? त्या आजींना रस्सा हवा असेल का हो?"

"ओटमीलवर रस्सा?" काका इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं.

ते २००६ साल. त्या वर्षी गावातल्या कला मंडळानं अख्खं वर्ष गेलिक, म्हणजे आयरिश-स्कॉटिश, वारशासाठी द्यायचं ठरवलं होतं. जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, लायब्ररीत फिडलवाल्यांची मैफल झाली. मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये पोरींनी टाचा आपटत नाच केले. मग लोकर विणणाऱ्या बायका आल्या, हार्प वाजवणारा आला. काकू यातल्या कशालाच गेल्या नाहीत. पण एकदा पुस्तक परत करायला गेल्या, तेव्हा दारावरच्या पोस्टरमध्ये दिसलं: दर शनिवारी आयरिश भाषेचा वर्ग, सर्वांना मुक्त प्रवेश.

शनिवारी काकू पहिल्या रांगेत. शिकवणारे कोलम म्हणजे रिटायर झालेले बस ड्रायव्हर, मूळचे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. वर्गात सगळे आजोबा-पणजोबांची मुळं शोधायला आलेले. कोलमनी काकूंकडे बघून विचारलं, "तुमचं आयर्लंडमध्ये कोण?"

"कुणी नाही. माझं एक माणूस इथेच आहे, केअर सेंटरमध्ये," काकू म्हणाल्या. "सालन म्हणजे काय?"

"मीठ."

काकूंनी कपाळावर हात मारला. बाईला वर्षभर गोड लापशी खायला घालत होते, आणि ती बिचारी मीठ मागत होती! त्यांनी लगेच नर्सला सांगितलं, नर्सनं डॉक्टरांना विचारलं, आणि चिमूटभर मिठाची परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी ब्रिजेटनं बाऊल चाटूनपुसून संपवला.

कोलमनी आणखी एक गोष्ट सांगितली. ब्रिजेट हे इंग्रजीतलं नाव, तिकडे तिला ब्रीज म्हणत असणार. काकूंनी दारातून हळूच "ब्रीज?" अशी हाक मारली. म्हातारीनं झटकन मान वर केली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीसारखी.

मग काकू पेटल्याच. स्वयंपाक करताना, गाडीत, वॉकला जाताना आयरिश. त्या भाषेत भूक माणसाच्या 'अंगावर असते' हे कळल्यावर त्या हरखल्या. आपल्याकडे भूक लागते, तसंच की! आणि 'तू'ला आयरिशमध्ये चक्क 'तू'च म्हणतात, हे कळल्यावर तर विचारूच नका. पण तिथेच घोडं अडलं. एका माणसाशी बोलताना 'तुम्ही' नाहीच.

"एवढ्या मोठ्या बाईला अरे-तुरे कसं करायचं हो?" त्यांनी काकांना विचारलं.

"का? आईला तू काय म्हणायचीस?"

साताऱ्याला काकूंची आई गेली तेव्हा तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर मोठ्या बाईला 'तू' म्हणायची वेळच आली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रीजच्या पायांवर शाल घातली आणि विचारलं, "के खी विल तू?" कशी आहेस तू? उच्चार धेडगुजरी होता. ब्रीज खुदकन हसली आणि मग बोलतच सुटली. काकूंना दहातला एक शब्द कळला असेल. पण त्या हुंकार देत राहिल्या.

त्यानंतर ब्रीज त्यांना रोज एक प्रश्न विचारायची. "के लेश हू?" काकूंनी तो घोकत घोकत वर्गात नेला. कोलम हसून म्हणाले, "खेड्यातल्या म्हाताऱ्या अनोळखी पोरीला विचारतात तसं आहे हे. कुणाची गं तू?"

साठीच्या बाईला हे विचारणारं आता जगात होतं कोण? दुसऱ्या दिवशी त्यांनी सरळ मराठीत उत्तर दिलं, "साताऱ्याच्या जगन्नाथ मास्तरांची." ब्रीजनं समाधानानं मान हलवली, जणू मास्तर तिच्या शेजारचेच.

ऑक्टोबरमध्ये लायब्ररीत गोष्टींची संध्याकाळ होती. काकूंनी टॉमच्या मागे लागून ब्रीजला व्हीलचेअरमधून आणवलं. कोलमनी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून आयरिशमध्ये विचारलं, "तुझे वडील काय करायचे?"

ब्रीज बोलायला लागली, आणि कोलम वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत गेले. वडिलांची होडी होती. ते जळणासाठी दलदलीतली वाळवलेली माती पलीकडच्या बेटांवर न्यायचे. ही त्या ढिगावर बसायची. वारा सुटला की वडील तिला दोरीनं डोलकाठीला बांधायचे आणि ओरडून सांगायचे, "गा, म्हणजे तू आहेस हे मला कळेल!"

मागे उभा असलेला टॉम खाली बसला. "आम्ही विचारलं की म्हणायची, तिकडे सांगण्यासारखं काही नव्हतं," तो काकूंना म्हणाला. "आमची इंग्रजी बिघडेल म्हणून तिनं आम्हाला भाषाही दिली नाही." त्याला रडू आवरेना. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या वसंतात ब्रीज झोपेतच गेली. गेलिक वर्ष कधीच संपलं होतं, पोस्टरं उतरली होती, लायब्ररीतला वर्गही बंद झाला होता. पण काकूंनी तो आपल्या दिवाणखान्यात सुरू ठेवला. शनिवारी कोलम आणि आणखी दोघं-तिघं यायचे, पोहे व्हायचे. अंत्यविधीनंतर एका शनिवारी टॉमही दारात उभा राहिला. "मला अगदी पहिल्यापासून शिकायचंय," तो म्हणाला.

"आत ये," काकू म्हणाल्या, आयरिशमध्ये.

त्याच उन्हाळ्यात ब्रीजच्या खोलीत नवे आजोबा आले. काकू घरी आल्या त्या पर्स न ठेवताच म्हणाल्या, "अहो, जरा बघा ना, पोलिश भाषा कुठे शिकवतात?"

काकांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि ते मुकाट्यानं गाडीची किल्ली शोधायला उठले.