जिन्याखालचं कपाट

२०२४ साल, माझं वय अठ्ठ्याहत्तर. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या घरावर वादळ आलं तेव्हा कमल, माझी बायको, घरातच होती. पुढं ती आजारपणात गेली, त्याला आता सहा आठवडे झाले. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी नुसतं ‘हो’ म्हटलं आणि ठेवून दिला... लोक म्हणतात, तिच्याबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला, सगळा जन्म फाउंड्रीत गेला. एक दुपार तेवढी नीट सांगता येईल.

तीनच्या सुमारास दोघांचेही फोन एकदम कर्कश वाजायला लागले. सरकारी इशारा होता, टोर्नेडो येण्याची शक्यता, खिडक्यांपासून लांब राहा. पाठोपाठ ब्रिस्टलहून रेखाचा फोन. आमची मुलगी, इथंच जन्मलेली. “बाबा, जिन्याच्या खाली जा. आत्ताच्या आत्ता. प्लीज आर्ग्यू नको करा.” मी म्हटलं, “इंग्लंडात कसला टोर्नेडो? इथला वारासुद्धा सॉरी म्हणून आत येतो.” कमल तोवर जिन्याखालच्या कपाटातून केर काढायचा हूवर न् सुटकेसी बाहेर ओढत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी ओढत होती. मग आत तांदळाच्या पोत्यावर बसून म्हणाली, “अहो, या ना.”

मी कन्झर्व्हेटरीत खुर्ची टाकून बसलो होतो. ती काचेची खोली मी बिल्डर न लावता स्वतःच्या हातानं बांधलेली. ती सोडून कपाटात लपायचं म्हणजे मला कमीपणा वाटत होता. खरं सांगायचं तर भीती तेव्हाच बसली होती. आभाळ हिरवट काळं झालं, पाखरं गप्प झाली आणि गडगडाट एकात एक मिसळून थांबेचना. शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन कुंपणावरून कागदासारखं उडून गेलं. माझे पाय हलत नव्हते, पण तोंड चालूच. “मी इथं बरा आहे.”

“तुम्ही येत नसाल तर मीच येते तिकडं.” वळून बघतो तर भिंत धरत ती माझ्याकडं निघालेली. “मागं जा,” मी ओरडलो. ती थांबेना. डोक्यावरच्या काचा थरथरत होत्या. ती दारात आली आणि म्हणाली, “सुदाम, आत ये.”

बावन्न वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. लग्नात आत्यांनी उखाण्यासाठी तासभर अडवून धरलं, तरी नाही. इथं सर्जरीत, म्हणजे डॉक्टरकडं, नवऱ्याचं नाव विचारलं की माझा बसपास काढून रिसेप्शनिस्टपुढं सरकवायची. मी चिडवायचो, “पोरगी नवऱ्याला नावानं हाक मारते, तुझ्या तोंडाला काय झालंय?” ती म्हणायची, “माझं तोंड आहे, माझं मी बघते.”

मी उठलो. मुकाट्यानं तिच्यामागं गेलो, कपाटाचं दार आतून ओढलं... आणि काचेची अख्खी खोली कोसळल्याचा आवाज आला. घर हादरलं. कमल त्रिसरण म्हणत होती, तिची नखं माझ्या मनगटात रुतलेली. माझे दात वाजत होते, ते तिला ऐकू येत असणार. बाहेर आलो तेव्हा माझ्या खुर्चीच्या पाठीत, मान टेकतो तिथं, हातभर लांब काच घुसलेली होती.

आता ढग वाजला की मी न सांगता कपाटात जाऊन बसतो. रेखाला हे ठाऊक नाही. दार मात्र लावत नाही... आत एकट्यानं अंधार सोसत नाही.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत काचा गोळा करत होतो. आतून हाक आली, “अहो, चहा झालाय.” मी ऐकलंच नाही असं दाखवलं. परत हाक आली, “अहो.” मी फावडं चालवत राहिलो. “अहो, कालच्या आवाजानं बहिरे झालात का?” शेवटी ती लंगडत आली, कप पायरीवर ठेवला आणि माझ्याकडं बघून, गालातल्या गालात हसत आत गेली. चहा गार होत होता. मी पाठ करून तसाच उभा राहिलो, पुन्हा हाक येते का बघत.